घरच्या व्हिडिओ कॅसेट डिस्कवर उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाची, मुंजीची, बारशाची, आजोबांच्या साठीशांतीची कॅसेट अनेक घरांत अजून कपाटात आहे. ती लावायला व्हीसीआर मात्र राहिलेला नाही. खालचे प्रश्न अशाच कॅसेटींबद्दल आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत: कॅसेटवरून थेट डीव्हीडी बनवू नका. आधी कॅसेटची चांगल्यात चांगली फाइल संगणकावर घ्या आणि मग त्या फाइलवरून डिस्क करा. डिस्क ही नातेवाइकांना वाटायची प्रत. जपून ठेवायची ती फाइल.

कॅसेट तीस वर्षं टिकल्या, मग आता घाई कशासाठी?

कॅसेटपेक्षा यंत्राची काळजी जास्त आहे. जपानच्या फनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि नवीन यंत्रं येणं तिथेच संपलं. आज जे व्हीसीआर मिळतात ते सगळे वापरलेले. त्यांचे रबरी पट्टे सैल पडलेले, पिंच रोलर (फीत पुढे ओढणारं रबरी चाक) कडक झालेला, कपॅसिटर सुकलेले असतात. ते दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. फितीचं म्हणाल तर तिच्यावरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो, ते द्रव्य दमट हवेत हळूहळू खराब होतं. कोकण, गोवा आणि मुंबईत चार महिने हवाच ओली असते, त्यामुळे तिथल्या कॅसेटींना आधी हात घाला.

माझी कॅसेट नेमकी कोणत्या प्रकारची आहे?

पुस्तकाएवढी मोठी, अर्ध्या इंचाची फीत असलेली कॅसेट म्हणजे व्हीएचएस. लग्नाच्या बहुतेक कॅसेट याच, आणि त्यांवर ई-१८० असं छापलेलं असतं, म्हणजे १८० मिनिटं. तशाच फितीची पण तळहातात मावणारी असेल तर ती व्हीएचएस-सी. ती बॅटरीवर चालणाऱ्या अडॅप्टरमध्ये घालून साध्या व्हीसीआरमध्ये लावता येते. ऑडिओ कॅसेटएवढी पण थोडी जाड असेल तर ती ८ मिलिमीटरची: व्हिडिओ८, हाय८ किंवा डिजिटल८. या कॅसेटसाठी व्हीएचएसचा अडॅप्टर अस्तित्वातच नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका; त्यासाठी कॅमेराच लागतो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, अगदी छोटी कॅसेट म्हणजे मिनीडीव्ही. तिची गोष्ट वेगळी आहे, तिचं उत्तर पुढे स्वतंत्र दिलं आहे.

अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली कॅसेट इथे नीट दिसत नाही. बिघडली आहे का?

बहुतेक नाही. भारतातली पद्धत पाल, म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतली एनटीएससी, म्हणजे ५२५ रेषा आणि सेकंदाला जवळजवळ ३०. फक्त पाल वाचणाऱ्या व्हीसीआरवर एनटीएससी कॅसेट लावली की चित्र काळं-पांढरं होतं, वरखाली सरकतं किंवा फाटतं. आवाज मात्र बऱ्याचदा नीट येतो. कॅसेटवर टी-१२० किंवा टी-१६० छापलं असेल तर ती तिकडे विकत घेतलेली असण्याची शक्यता मोठी.

अशा कॅसेटसाठी मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागतो. त्यातही एक फसगत होते. ‘एनटीएससी ऑन पाल टीव्ही’ अशी सोय असलेले व्हीसीआर शुद्ध एनटीएससी देत नाहीत, पाल-६० नावाचा मिश्र सिग्नल देतात. तो टीव्हीला चालतो, पण बऱ्याच कॅप्चर डोंगलना (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणाऱ्या छोट्या यूएसबी उपकरणांना) कळत नाही. डोंगलच्या सेटिंगमध्ये पाल-६० असेल तर ते निवडा, नसेल तर खरा एनटीएससी सिग्नल देणारा व्हीसीआर शोधा. तिकडचाच व्हीसीआर आणला असेल तर तो ११० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातला तर जळेल, मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

व्हीसीआर मिळाला. कॅसेट घालू का?

आधी कॅसेटची नोंद-कडी तोडा. कॅसेटच्या पाठीच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची कडी असते. ती असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबल्यावर वर नवीन रेकॉर्डिंग होतं आणि जुनं कायमचं पुसलं जातं. कडीच्या जागी कोणी सेलोटेप चिकटवली असेल तर तीही काढा.

मग घरची नाही अशी एखादी टाकाऊ कॅसेट घालून यंत्र तपासा. आत ओढून घेते का, चालते का, पुढे-मागे गुंडाळते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फीत सुरकुतलेली न होता बाहेर येते का. काठ दुमडलेला दिसला तर पिंच रोलर किंवा पट्टा बदलल्याशिवाय लग्नाची कॅसेट त्यात घालायची नाही. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेलं यंत्र लगेच सुरू करू नका. फीत ज्याच्याभोवती फिरते त्या धातूच्या ड्रमवर बाष्प जमलेलं असेल तर फीत त्याला चिकटते. दोन-तीन तास तसंच राहू द्या.

खरी कॅसेट घातल्यावर लगेच प्ले नको. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत सारखी होते. हा नियम फक्त कोरड्या, स्वच्छ कॅसेटसाठी आहे. बुरशी लागलेल्या किंवा थर एकमेकांना चिकटलेल्या फितीवर हे केलं तर ती तुटेल.

कॅसेटच्या खिडकीतून पांढरी पूड किंवा जाळं दिसतं.

ही बुरशी. गुंडाळीच्या वरच्या बाजूला टॉर्चचा उजेड तिरपा पाडला की स्पष्ट दिसते. अशी कॅसेट चांगल्या यंत्रात मुळीच लावू नका. बुरशी हेडवर (फीत वाचणाऱ्या बारीक भागावर) आणि फितीच्या मार्गावर बसते, चित्र जातं, आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटमध्ये पसरते.

आधी सुकवणं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅसेट आठवडाभर ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की बदला. उन्हात, ओव्हनमध्ये किंवा हेअर ड्रायरखाली ठेवायची नाही. प्लॅस्टिक वाकतं आणि फीत आकसते. काही स्टुडिओ विशिष्ट जातीच्या जुन्या ऑडिओ फिती मोजक्या तापमानाला भाजतात, ते वाचून घरच्या व्हीएचएसवर प्रयोग करू नका.

बुरशी सुकली की सैल होते. मग केवळ याच कामासाठी ठेवलेल्या, टाकायला काढलेल्या यंत्रात किंवा हाताने फीत फिरवत तिच्या दोन्ही बाजूंवरून धागे न सुटणारं मऊ कापड हलकेच फिरवलं जातं. तोंडाला एन-९५ मास्क हवा आणि खोली स्वयंपाकघरापासून लांबची. चिकाटीचं काम आहे. कॅसेट एकुलती एक असेल आणि बुरशी आतल्या थरांपर्यंत गेली असेल तर ते रोज करणाऱ्यांकडे द्या. आणि शक्य असेल तर हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा, पावसाळ्यात सुकवलेली कॅसेट बाहेर काढताच पुन्हा ओल धरते.

फीत तुटली आहे.

बहुतेक वेळा ती सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीपाशी तुटते, म्हणजे चित्राचं नुकसान होत नाही. व्हीएचएसच्या कवचाला खालून पाच स्क्रू असतात. उघडण्यापूर्वी आतल्या भागांचा फोटो काढून ठेवा, नाहीतर स्प्रिंग आणि ब्रेकचे तुकडे कुठे बसतात ते नंतर कळत नाही. दोन्ही टोकं सरळ कापून, एकमेकांना टेकवून, मागच्या बाजूला व्हिडिओ स्प्लाइसिंग टेप लावायची. साधी सेलोटेप नाही: तिचा चीक उन्हाळ्यात पाझरतो आणि हेडला लागतो. तुटणं चित्राच्या मध्येच असेल तर जोडाच्या आधीपर्यंत एकदा आणि जोडाच्या पुढून एकदा असं वेगवेगळं कॅप्चर करा, जोड फिरत्या हेडवरून नेऊ नका. कवच तडकलं असेल तर कोऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात रिळं बसवता येतात.

पडद्यावर मुंग्याच मुंग्या, आवाज मात्र येतो.

व्हिडिओ हेडवर घाण बसली आहे. साध्या व्हीएचएसचा आवाज फितीच्या काठावर वेगळ्या, स्थिर हेडने वाचला जातो, म्हणून तो शाबूत राहतो. टीव्ही आणि व्हीसीआर बंद करून प्लग काढा, वरचं झाकण उघडा. चकचकीत तिरपा ड्रम दिसेल, त्याच्या कडेला बारीक खाचेत हेड असतात, नखाच्या टोकाहूनही लहान. शमवा चामड्याचा तुकडा किंवा मऊ, धागे न सुटणारं कापड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ड्रमला हलकेच टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेला धरून सावकाश आडवा फिरवा. कापड स्थिर, ड्रम फिरता. वरखाली घासलंत तर हेड तुटतं, आणि तुटलेलं हेड दुरुस्त होत नाही. कानात घालायचे कापसाचे बड नकोत, त्यांचे तंतू हेडमध्ये अडकतात. सॅनिटायझर, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट, थिनर यांतलं काहीही नको. त्यांत पाणी, तेल किंवा रबर खाणारं द्रव्य असतं. दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या.

मुंग्या सगळ्या पडद्यावर नसून फक्त एका आडव्या पट्ट्यात असतील तर ट्रॅकिंग जुळलेलं नाही, म्हणजे हेड फितीवरच्या नोंदीच्या रेषेवर नीट बसत नाही. ट्रॅकिंगचं बटण थोडं थोडं हलवत तो पट्टा पडद्याच्या बाहेर घालवा. दर कॅसेटला हे नव्याने करावं लागतं, कारण प्रत्येक कॅसेट वेगळ्या कॅमेऱ्यावर किंवा वेगळ्या यंत्रावर भरलेली असते.

संगणकाला कशी जोडायची?

व्हीसीआरच्या मागच्या अँटेनाच्या वायरीने नाही. पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. जुन्या मोनो व्हीसीआरला आवाजाची एकच पिन असते, ती पांढऱ्यात घाला. एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा सुधारित प्रकार) यंत्र किंवा हाय८ कॅमेरा असेल तर पिवळ्याऐवजी एस-व्हिडिओची गोल केबल वापरा. रंग आणि उजेड वेगळे जातात आणि कडांवर रांगणारे ठिपके नाहीसे होतात.

या पिना यूएसबी कॅप्चर डोंगलला जोडायच्या आणि डोंगल संगणकाच्या स्वतःच्या पोर्टला, हबला नाही. अगदी स्वस्त, नाव नसलेल्या डोंगलमध्ये आवाज चिरका येणं, उजळ भाग जळणं हे नेहमीचं आहे. हॉपॉज यूएसबी-लाइव्ह२ किंवा आय-ओ डेटाचा जीव्ही-यूएसबी२ यांसारखे निदान भरवशाचे आहेत. एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी मध्ये घालू नका: ती चित्र स्वतःच्या मनाने ताणते, रेषा एकत्र करते, आणि ते नंतर उलटं करता येत नाही.

कॅप्चर करताना सेटिंग काय ठेवू?

पाल कॅसेटसाठी ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस (एक चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या भागांत येणं) तसंच ठेवून. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. विंडोजवर व्हर्च्युअल डब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला अजून उत्तम आहे. कॉम्प्रेशन असं निवडा की ज्यात काहीच गळत नाही: हफ-वाययूव्ही, यूटी व्हिडिओ किंवा एफएफव्ही१. हफ-वाययूव्हीत तासाला साधारण ३० ते ३५ जीबी लागतात, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला १०० जीबी मोकळी जागा हवी. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२वर ४ जीबीला फाइल थांबते.

विंडोज १० आणि ११ मध्ये चित्र येतं पण आवाज येत नाही, असं झालं तर प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी द्या. विंडोज डोंगलच्या आवाजाला माइकच समजतं. स्लीप, स्क्रीनसेव्हर आणि अपडेट बंद ठेवा. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अनेकांना माहीत असतं, पण ते मुळात लाइव्ह प्रसारणासाठी आहे. साध्या सेटिंगवर ते चित्र मोठं करतं आणि दोन अर्ध्या चित्रांचं एक करतं. मूळ फाइलसाठी ते नको.

आधी पाच मिनिटं चाचणी घ्या आणि शालू, फेटा, हॅलोजनचा उजेड अशा जागा बघा. लग्नाच्या हॉलमधला हॅलोजन चेहऱ्यावर पांढरा डाग पाडत असेल तर डोंगलच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट कमी करा. कॅप्चरमध्ये जळालेला पांढरा भाग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

चित्र वरच्या बाजूला वाकतं, आणि तासाभरात आवाज ओठांच्या मागे पडतो.

दोन्हींचं मूळ एकच. फीत ताणलेली असते, ड्रमची गती किंचित कमी-जास्त होते आणि प्रत्येक रेषा ठरलेल्या क्षणी येत नाही. जुना टीव्ही हे चालवून घेत असे. डोंगल गोंधळतं, फ्रेम सोडतं आणि आवाज पुढे-मागे होतो. व्हर्च्युअल डबमध्ये सुटलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. तीन तासांत दोन-चार असतील तर ठीक, मिनिटाला काही असतील तर काम थांबवा.

खरा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, रेषांची वेळ पुन्हा नेमकी करणारं यंत्र. सुटं यंत्र महाग आणि दुर्मिळ आहे, पण काही एस-व्हीएचएस यंत्रांत ते आतच असतं. हातात येण्यासारखा पर्याय म्हणजे पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर: त्याने रेकॉर्ड करायचं नाही, व्हीसीआर आणि डोंगल यांच्या मध्ये फक्त सिग्नल त्यातून जाऊ द्यायचा. वाकलेलं चित्र सरळ होताना डोळ्यांनी दिसतं. भंगारात डीव्हीडी रेकॉर्डर दिसला तर त्याचा मॉडेल क्रमांक जरूर बघा.

चित्राच्या अगदी खाली थरथरणारी पट्टी आहे.

ती प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते. एक हेड सोडून दुसरं हेड वाचायला लागतं त्या जागेची ती खूण. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपत असे. मूळ फाइलमध्ये राहू द्या, पाहायच्या प्रतीत झाका.

मिनीडीव्हीसाठीही हेच सगळं करायचं?

नाही, आणि पिवळ्या पिनेने तर मुळीच नाही. मिनीडीव्हीवर माहिती आधीच डिजिटल आहे. फायरवायर नावाच्या डिजिटल केबलने ती जशीच्या तशी संगणकात येते, तासाला साधारण १३ जीबी. कॅमेऱ्यावर तेच पोर्ट आय-लिंक किंवा डीव्ही नावाने असतं. त्याच कॅमेऱ्याचं यूएसबी पोर्ट बहुधा फोटो किंवा वेबकॅमपुरतं असतं, त्यातून आलेलं चित्र हलकं असतं. नव्या लॅपटॉपला फायरवायर नाही, म्हणून डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेस कार्ड घालणं सोपं. विंडोज १० वर कॅमेरा ओळखला नाही तर फायरवायरचा जुना, ‘लेगसी’ म्हणून ओळखला जाणारा ड्रायव्हर निवडावा लागतो. केबल जोडताना आणि काढताना कॅमेरा व संगणक दोन्ही बंद ठेवा. चालू असताना सहा पिनांची बाजू तिरकी बसली तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं.

सोनीचे बरेचसे डिजिटल८ कॅमेरे जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेटही वाचून फायरवायरने बाहेर देतात. ८ मिलिमीटरच्या कॅसेट असतील तर असा कॅमेरा शोधण्यासारखा आहे, फक्त विकत घेण्याआधी ते मॉडेल जुन्या कॅसेट वाचतं का हे पक्कं करा.

एका डीव्हीडीवर किती मावेल?

डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, संगणक ती ४.३७ दाखवतो, फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. एका तासासाठी एमपीईजी-२ चा (डीव्हीडीवर व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबला जातो तिचा) वेग सेकंदाला ८ मेगाबिट ठेवता येतो आणि चित्र छान राहतं. दीड तासाला साडेसहा, दोन तासांना पावणेपाच. तीन तासांची अख्खी कॅसेट एका डिस्कवर कोंबली तर जेमतेम तीन मेगाबिट उरतात, आणि व्हीएचएसच्या मुंग्या असलेल्या चित्राला ते फारच कमी. वरातीत, नाचात, अक्षता उडताना चौकटी चौकटी दिसतात. ई-१८० साठी सरळ दोन डिस्क करा, मंगलाष्टकं एकीवर आणि जेवणावळी-वरात दुसरीवर.

डिस्क बनवायला डीव्हीडीस्टायलर आणि लिहायला इमगबर्न, दोन्ही मोफत. व्हीएचएसवरून आलेल्या फाइलमध्ये बहुधा वरचं अर्धं चित्र आधी असतं, डीव्ही फाइलमध्ये खालचं आधी. ते उलटं निवडलं तर चालणारी माणसं मागे-पुढे झटके खाताना दिसतात. लिहिण्याचा वेग ४ किंवा ८ पट ठेवा, लिहून झाल्यावर पडताळणी करू द्या. वर कागदी लेबल चिकटवू नका, डिस्कच्या मधल्या पारदर्शक गोलावर सीडी मार्करने लिहा.

फोनवर पाहायला हवं आहे, पण हलताना कंगव्यासारख्या रेषा दिसतात.

ते इंटरलेस चित्र. पाहायच्या प्रतीत ते उलगडायचं, आणि सेकंदाला २५ नव्हे तर ५० फ्रेम करायच्या, म्हणजे हालचाल मूळ कॅसेटसारखी सलग राहते. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसला ‘बॉब’ निवडलं की होतं. हायब्रिड या मोफत सॉफ्टवेअरमधलं क्यूटीजीएमसी आणखी सुंदर करतं, पण वेळ खातं. आकार ७६८ गुणिले ५७६ ठेवा. रुंद टीव्ही भरावा म्हणून ताणू नका, नवरा-नवरी दोघंही जाड दिसतात. एआयने चित्र ‘एचडी’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा: अंधुक चेहऱ्याच्या जागी ते नवे डोळे-ओठ रचतात, आणि ते आजीचे नसतात.

स्टुडिओने तेव्हाच व्हीसीडी करून दिली होती. मग पुन्हा कशाला?

कारण व्हीसीडी म्हणजे ३५२ गुणिले २८८, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना जवळजवळ निम्मं चित्र, तेही खूप दाबलेलं. कॅसेट जिवंत असेल तर नव्याने करा. कॅसेट गेली असेल तर व्हीसीडीतल्या डॅट फाइल आजच उतरवून घ्या. आणि एक लक्षात असू द्या: लग्नाची कॅसेट बहुतेकदा मिक्सिंग झालेली दुसरी प्रत असते, मूळ शूटिंगच्या कॅसेट स्टुडिओने पुन्हा वापरलेल्या असतात. लाल रंग पसरलेला असेल तर तो दोष प्रतीतच आहे, तुमच्या यंत्राला बोल लावू नका.

स्वतः न करता दुकानात द्यायचं असेल तर काय विचारू?

मूळ, न दाबलेली फाइल हार्ड डिस्कवर मिळेल का? टाइम बेस करेक्टर आहे का? मिनीडीव्ही फायरवायरने घेता का? कॅसेट परत मिळतील का, आणि त्या बाहेरगावी पाठवल्या जातात का? पहिल्याच प्रश्नाला ‘आम्ही पेन ड्राइव्हवर एमपी४ देतो’ एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा.

काम झालं. कॅसेट टाकून देऊ?

नको. उभी, पूर्ण मागे गुंडाळलेली, प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह, स्पीकर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मुलीकडे. वर्षातून एकदा उघडून चालतात का ते बघा. लिहिलेली डीव्हीडी ही चौथी प्रत समजा, दमट हवेत तिचा थरही बिघडतो आणि आता लॅपटॉपला ड्राइव्हही नसतो.

यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइट हक्काची नोटीस येते.

मिक्सिंगवाल्याने मागे सिनेमाची गाणी भरलेली असतात, यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते. खासगी ठेवलेल्या व्हिडिओलाही हे होतं. नातेवाइकांना गूगल ड्राइव्हची लिंक पाठवणं सोपं.

फाइलला नाव काय देऊ?

वर्ष आधी: ‘१९९२-०५ लग्न कोल्हापूर भाग १’. त्यासोबत त्याच नावाची साधी मजकुराची फाइल ठेवा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून माणसांची नावं वेळेनुसार लिहून घ्या. हे काम कॅप्चरच्या आधी नाही तरी त्याच आठवड्यात करा. ‘००:१४, सीमांतपूजन, डावीकडून तिसरी आईची धाकटी मावशी, ००:४१, पंगतीत वाढणारे शेजारचे मास्तर’, एवढं पुरे.